थंडावा जातोय

“दार लाव आधी, थंडावा जातोय,” खानोलकर सर आतूनच खेकसले. रोजच्याप्रमाणे चहाला बोलवायला आलेल्या त्यांच्या पत्नी कुमुदताई दार सताड उघडं टाकून, उंबऱ्यातच उभ्या राहून शेजारणीच्या जावयाची हकीकत सांगत होत्या.

निवृत्तीनंतर सरांनी अडगळीच्या खोलीत भुश्श्याच्या पिशव्यांमध्ये अळिंबी, म्हणजे मशरूम, लावली होती. खिडकीच्या फटी कागदाने बुजवल्या, भिंतींवर ओली गोणपाटं टांगली. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. त्याला कोण काय सांगणार? रविवारी अख्ख्या सोसायटीला भाजी खाऊ घालायचं कबूलही करून टाकलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात अळिंबी उगवली ती बगळ्यासारखी. मान वीतभर, डोकं वाटाण्याएवढं. फक्त दाराजवळच्या दोन पिशव्यांवर तळहाताएवढ्या छत्र्या डवरल्या होत्या. सर त्या पिशव्यांकडे आणि मग कुमुदताई रोज उभ्या राहत त्या उंबऱ्याकडे बघत राहिले. खेळत्या हवेचा धडा ते दरवर्षी सातवीला शिकवत, तोही वर्गाच्या खिडक्या उघडायला लावून.

दुपारी कुमुदताई आल्या, चहाचा कप टेकवला आणि मुकाट्याने दार ओढून घेऊ लागल्या.

“अगं, थांब. दारात उभी राहून जरा बोल ना.”

“काय बोलू?”

“काहीही,” सर म्हणाले. “पण सविस्तर.”