मधातली चांदी

टाळ जरा बाजूला ठेवा अन् असे जवळ सरका, मायबाप. नागपूरच्या इतवारीतल्या एका दुपारची गोष्ट सांगतो. बहात्तर सालची असेल.

कवडू मुलामेवाल्याच्या दुकानात चंपतराव आणि त्यांची बायको रुखमाबाई कुहीकडच्या खेड्यातून आले होते. मुलाम्याच्या पाण्याच्या टाकीत गावच्या देवीचा पितळी मुखवटा बुडवलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना तारेनं एकेक चांदीचा वाळा टांगला होता. वाळे त्यांच्या गोपिकेचे. पोर गेल्या पावसाळ्यात तापानं गेली. तिचं तेवढंच उरलं होतं, आणि चंपतरावांनी ते देवीला कबूल केलं होतं.

रुखमाबाई बसेना. टाकीत डोकवायची, दाराशी जायची, पुन्हा टाकीशी यायची.

"बस ना वं," चंपतराव म्हणाले. "कवडूचा उंबरा झिजवून राहिली."

"वाळे बारीक होऊन राहिले. देवीवर तं नुसती राख फासल्यासारखी दिसते. काहून गा, एवढी चांदी गेली कुठं?"

बोलता बोलता तिचा हात टाकीकडे गेला. कवडूनं मनगट धरलं.

"जहर हाय माय त्या पाण्यात. चांदी कोणी नेत नाही. चांदीचा कण आपल्या अंगातला एक इलेक्ट्रॉन तारेले देऊन टाकते. दिला का सुटला पाण्यात. त्याले आयन म्हणतात. दिसत नाही, पण असते. देवीपाशी पोचला का तिथं त्याले इलेक्ट्रॉन भेटते, अन् तो पुन्हा चांदी होऊन बसते."

"अन् आत्ता कुठं हाय?"

"मधात. वाळ्यातून निघाला, अजून देवीले लागला नाही."

रुखमाबाई त्या नितळ पाण्याकडे पाहत राहिली.

"मधात लय वेळ राहा लागते का गा?"

कवडूनं उगाच बॅटरीची तार चाचपली. "नाही माय. तिकडून ओढ असते."

ती म्हणाली, "एक वाळा काढून दे."

"शब्द देल्ला आपण," चंपतराव म्हणाले.

"त्या बाजूच्या गालावर पातळ बसल," कवडू म्हणाला. "घासता घासता पिवळा पडल."

"पडू दे. एक देवीले देल्ला. एक मले पायजे."

चंपतराव बाहेरच्या हातगाड्यांकडे पाहत राहिले. न वळताच म्हणाले, "काढ गा."

कवडूनं वाळा काढला, पाण्यावर पाणी घालून धुतला. नक्षी पार गेली होती. रुखमाबाईनं तो मुठीत धरला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

त्या गावी कधी गेलात तर पुजारी म्हणेल, नागपूरच्या मुलामेवाल्यानं फसवलं. वाद घालू नका, मायबाप. देवीच्या पिवळ्या गालापुढं हात जोडा, अन् गोपिकेची आठवण काढा.