बत्तिसावी नायिका

"तुमची नायिका पुन्हा रडली, भवतोषदा!" फोनवर ऐंद्रिला म्हणाली. "मुलगी बघायला पाहुणे आले, केस सोडून दाखव म्हणाले, की ही लागली रडायला. आजच्या मुली हसतील हो. उद्यापर्यंत बदला, नाहीतर दुर्गापूजेला निघणाऱ्या यंदाच्या पूजा अंकात तुमची कादंबरी नाही."

संपादिका वयाने नातीएवढी. भवतोष सान्याल तडकलेच. एकतीस वर्षं त्यांच्या कादंबरीशिवाय पूजा अंक निघाला नव्हता. एकतीस नायिका खिडकीत बसून झुरल्या होत्या आणि वाचकांनी डोळे पुसत पुढची मागितली होती. रागाखाली खरी भीतीच होती. अंकात नाव नाही, तर पूजेच्या मांडवात तोंड कसं दाखवायचं?

ते तरातरा स्वयंपाकघराच्या दारात आले. "आमच्या काळी मुली अशाच होत्या की नाही गं?"

त्यांची बायको तरुलता विळीवर केळफूल चिरत होती. तिने नवऱ्याच्या पायजम्याकडे पाहिलं. पूजेत अष्टमीला अख्खी गल्ली धोतर नेसून मांडवात यायची. हे गृहस्थ तेव्हाही पायजम्यातच.

"कशाला खोटं लिहिता? खरं लिहा की."

"खरं कोण छापतंय?"

"तेव्हा नसतील छापत. आता ती पोरगी मागतेय ना?"

भवतोषबाबू टेबलाशी जाऊन बसले. चहा निवून गेला. एरवी पानभर खाडाखोड करणारा माणूस, आज एक शब्द खोडला नाही. लिहिताना आपण हसतोय, हे त्यांचं त्यांना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ऐंद्रिलाचा फोन आला तो हसतच.

"पाहुणे म्हणतात चालून दाखव, आणि ही म्हणते, आधी तुम्ही दाखवा! नवरदेव उठतो काय, धोतरात पाय अडकून मिठाईच्या ताटात पडतो काय! आणि ती हसते, तिथेच हा गडी गारद. कादंबरी अंकात सगळ्यात पुढे लावतेय. पण भवतोषदा, इतकी आजची मुलगी तुम्हाला भेटली कुठे?"

भवतोषबाबूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कढईत फोडणी चुरचुरत होती.

"कृष्णनगरला," ते म्हणाले. "एकोणीसशे एकाहत्तर साली. पडलो तसा उठवून पुन्हा चालायला लावलं होतं तिने मला."