गुरूचं नाव

नकलाकार हेरंबने गायक बुवांसारखा कानाच्या पाळीला हात लावला, भक्तिभावाने गुरूचं नाव घेतलं आणि त्याच दमात माइकवाल्याला शिवी हासडली. सभागृह हसून हसून बेजार झालं. बुवांच्या सत्कारात बुवांचीच नक्कल! मग डोळे मिटून त्याने बुवांची ती गाजलेली तान घेतली, थेट तशीच.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले बुवा उठले आणि काठी टेकत मंचावर आले. हशा जागच्या जागी विरला.  हेरंबने बुवांचे पायच धरले. "चुकलो, बुवा!"

बुवांनी त्याला उठवलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कौतुक होतं.

"काय तान घेतलीस रे! अशी कधी ऐकली नव्हती," ते म्हणाले. "गुरू कोण तुझे?"

 हेरंबचा हात आपसूक कानाच्या पाळीला लागला, पण समोरच्याच माणसाचं नाव तोंडातून फुटेना.