डावं इंजिन

वर्सोव्याच्या पुढे, समुद्रावर चांगली उंची मिळाल्यावर रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "काशीराम, आता उजवं इंजिन बंद करते."

शेजारी बसलेल्या काशीराम मेकॅनिकने पट्टा आवळला.

दोन इंजिनांचं ते जुनं, छोटं विमान बाईंचं स्वतःचं. त्याचं डावं इंजिन वर्षभर जुहूच्या हँगरमध्ये खोलून पडलं होतं. भंगारात काढा, असं येणारा-जाणारा सांगे. बाईंनी कुणाचं ऐकलं नाही. सुट्टीच्या दिवशी अंधेरीहून येत, जुनी पँट चढवत आणि काशीरामच्या बरोबरीने कोपरापर्यंत काळ्या होत. आज ते इंजिन दुरुस्तीनंतर पहिल्यांदा हवेत आलं होतं. एकट्याने विमान पेलतं का, एवढंच बघायचं उरलं होतं.

"आज राहू दे ना, मॅडम. उडालं, तेवढं बस्स झालं."

"मला यात माझ्या पोरीला बसवायचंय. त्याआधी कळायला नको?"

काशीरामने मान डोलावली.

बाईंनी उजव्याचं पेट्रोल तोडलं. पंखा अडखळला, थांबला. विमान उजवीकडे ओढलं गेलं. बाईंनी पाय रेटून ते सरळ केलं आणि डाव्याची ताकद वाढवली. काशीराम डोळे मिटून नुसता ऐकत राहिला. कुठे खडखड नाही, कुठे दम लागल्यासारखं नाही.

"काय म्हणतंय?"

"मस्त चाललंय, मॅडम."

"झकास. चला, आता उजवं चालू करू."

उजवं चालू होईना. पंखा थोडा फिरला, खोकला, पुन्हा गप्प. बाईंनी परत प्रयत्न केला. परत तेच. उजव्याला तर कधी हात लावायची वेळच आली नव्हती. कायम धडधाकट, भरवशाचं.

खाली कोळ्यांच्या होड्या दिसत होत्या. काशीरामला विक्रोळीला घरी असलेली बायको, जानकी, आठवली. निघताना ती डब्याचं काहीतरी विचारत होती आणि तो घाईत 'बघू' म्हणाला होता.

"आता, मॅडम?"

"आता काय, घरी जायचं. तुम्ही बांधलेलं इंजिन आहे."

"आपण," काशीराम म्हणाला.

बाई हसल्या. मग त्यांनी जुहूला रेडिओवर कळवलं, रिक्षावाल्याला पत्ता सांगावा इतक्या साध्या आवाजात. एका इंजिनावर उतरणं चुकलं, तर पुन्हा वर चढता येईलच असं नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. माडांचे शेंडे जवळ आले, मागे गेले. धावपट्टीला चाकं टेकली तेव्हाही काशीराम डाव्याचाच आवाज ऐकत होता.

खाली उतरल्यावर बाईंना कुणीतरी पाणी दिलं. त्यांनी ते एका दमात संपवलं.

बाईंनी रिकामा ग्लास परत दिला, हात पँटला पुसला आणि विमानाला वळसा घालून उजव्या, निश्चल पंख्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काशीराम," त्या म्हणाल्या, "हे कधी खोलायचं?"