दोऱ्याचं टोक

"सुई ओवतेयस की विहीर खणतेयस?" सासूबाई पुटपुटल्या. दवाखान्यातून परतल्यावर आज त्या पहिल्यांदाच शिवायला बसल्या होत्या. त्यांना नेढं दिसत नाही, म्हणून मी दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करून ओवून देते आणि गाठ मारताना त्या तेच टोक दातांत धरतात. मला नुसत्या शिंका येत होत्या, तेव्हाही आमचं हेच चाललं होतं. त्यांना मात्र थेट ऑक्सिजन लावावा लागला. "ज्याला त्रास कमी, त्याच्याकडून संसर्गही कमी, असं काही नसतं," डॉक्टर म्हणाले, तेव्हा घरातले सगळे खिडकीबाहेर बघू लागले. आज मी दोरा वाटीतल्या पाण्यात बुडवला. सासूबाईंनी वाटी बाजूला सारली. "अगं, तुझीच सर्दी लागली होती मला, ठाऊक आहे. आणि खडखडीत बरीही झालेय." माझे डोळे वाहू लागले. "आता रडून दोरा भिजवू नकोस."