वीस सांगाडे, दोन टोळ्या

उत्खननात सापडलेल्या वीस सांगाड्यांच्या मांडीच्या हाडांची मापं भरताच संगणकाने त्यांचे दोन स्पष्ट गट पाडले. मी टाळीच वाजवली. "सर, इथे दोन टोळ्या होत्या! एक उंच, एक बुटकी!" सरांनी लगेच शोधनिबंधाचं नावही ठरवलं.

हाडांवर नंबर घालणारे तुपेमामा यादीत डोकावले. "मॅडम, सात नंबरचा उजवा पाय उंच टोळीत अन् डावा बुटक्या टोळीत? लंगडत होता की काय बिचारा?"

सातच काय, सगळ्यांचीच तीच गत होती. डावे पाय मी मोजले होते, उजवे सरांनी, त्यांच्या लाडक्या जुन्या टेपने. तिचे पहिले तीन सेंटिमीटर केव्हाच तुटून गेले होते, म्हणून प्रत्येक उजवं हाड तेवढंच जास्त भरलं होतं.

सर टेप गुंडाळत म्हणाले, "टोळ्या दोन होत्याच गं! एक तुझी, एक माझी."