पडक्या चर्चातली लदिन

मनोरीजवळच्या गावात पोर्तुगीज पाद्र्यांनी बांधलेलं चर्च कधीच पडलं होतं. चौऱ्याऐंशी साली भर दुपारी सर्व्हेवाला साहेब आला. ‘‘इथं कुणी प्रार्थना करत नाही, असं लिहितो. जागा बिल्डरला जाईल.’’

‘‘मी करते ना!’’ म्हातारी मार्सेलिना फणकारली. पदर खोचून ती त्या बिनछपराच्या चर्चात शिरली नि लदिन गायला लागली. लदिनीत एकानं संताचं नाव घ्यायचं आणि साऱ्या गावानं ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायचं. पण गाव तर केव्हाच पांगलं होतं.

पहिल्या नावाला भिंतींतून उत्तर आलं. बाया, बाप्ये, पोरं, सगळ्यांचा एकच सूर.

साहेबाचं पेन थांबलं. ‘‘आत माणसं किती?’’

‘‘आमचं सगळं गाव,’’ मार्सेलिना ताठ मानेनं म्हणाली. ‘‘लिही, साहेबा!’’

तिनं छाती भरून दुसरं नाव घेतलं. या खेपेला भिंतींतून साहेबाचाही आवाज आला.

साहेबाचे ओठ मात्र घट्ट मिटलेले होते.